आकसाची पट्टी

गोणपाटात गुंडाळून आला तो,
ट्रान्सपोर्टच्या पावतीवर "जुना नमुना, एक नग".
उद्यमबागेतल्या शेडमध्ये हलगेकरानं सुतळी कापली
आणि म्हणाला, "ह्ये काय पाठवुलैत बा, कुजकं फूल?"

इंपेलर होता. समुद्राचं पाणी ओढणाऱ्या पंपाचा.
सात पात्यांपैकी दोन दाढेसारखी किडलेली,
बोअरमध्ये पांढरं काहीतरी धरलेलं.
कुणी बघत नाही असं बघून
मी बोट लावलं, जिभेला टेकवलं.
मीठ.

पाच विनाशिका होत्या म्हणे त्या वर्गाच्या,
एकाच नकाशावरून उतरलेल्या पाच बहिणी.
बांधणारी गोदी आता नाही,
तो देशही त्या नावानं नाही.
थोरल्या दोघी मोडीत निघाल्या,
त्यांच्या पोटातले पंप, झडपा, बेअरिंगं
उरलेल्या तिघींनी घातली,
धाकटीनं थोरलीचं परकर-पोलकं घालावं तशी.
मग तेही विरलं.
म्हणून हे टेंडर, हा नग,
आणि घाटाच्या वर, समुद्र न दिसणाऱ्या गावात
आम्ही.

ड्रॉइंग नव्हतं.
होती एका झेरॉक्सची झेरॉक्स,
कुणालाच न लागणारी अक्षरं, आकडे तेवढे ओळखीचे.
मी आठ जागी व्हर्नियर लावला,
आठ मापं आली.
समुद्रानं किती खाल्लं
ते मोजायचं हत्यार आमच्या कपाटात नाही.

बडिगेर मामा बैलहोंगलचे. पॅटर्न तेच करतात, सागवानात.
त्यांची पट्टी वेगळी:
तिच्यावरचा प्रत्येक इंच इंचाहून किंचित मोठा,
कारण ओतलेला धातू निवताना आकसतो.
नवी पोरं तिला खोटी पट्टी म्हणतात.
मामा मोजतात वंदु, एरडु, मूरु,
मी मराठीत टिपून घेते,
रिपोर्ट इंग्रजीत जातो.
चार दिवस ते नुसते नमुन्यापुढे बसून, तपकीर ओढत.
पाचव्या दिवशी एका पात्याच्या मुळाशी
नख फिरवत म्हणाले,
"हितं पाणी पोचलं नाही बघ.
हितनं धर."

तिथनं धरलं.
पहिला नग निवताना तडकला.
दुसऱ्यात भोकं, एक्स-रेवर,
तांदळात खडे दिसावेत तशी.
कुगजी शेठनी हिशेबाची वही दोनदा उघडून मिटली.
तिसरा उतरला.
बॅलन्सिंगला फिरवला तेव्हा
शेजारच्या ग्लासातल्या चहावर साय तशीच राहिली.

तीन महिन्यांनी, रात्री साडेदहाला फोन.
पिठाच्या हातानं उचलला.
"सुवर्णा मजुकर? रिपोर्टवर तुमची सही आहे."
जहाजावरचा कारागीर होता, देवगडकडचा,
मराठी ऐकल्यावर जरा सैल झाला.
चावी घट्ट जाते आहे, खाच घासू का?
"चावी घासा," मी म्हटलं,
"इंपेलरला कानस लावायची नाही."
"फोन धरा."
मग बराच वेळ लोखंडावर लोखंड,
कुणाची तरी शिवी,
आणि तो आवाज,
आधी घोगरा, मग एकसारखा,
गोवावेसच्या गिरणीसारखा, पण गार.
"येतंय ऐकू?"
"येतंय."
तव्यावरची भाकरी करपली.

गेल्या वर्षी त्याही निघाल्या मोडीत.
पेपरात चार ओळी, फोटो नाही.
दोन नग जादाचे केले होते,
ग्रीस लावून, मेणकागदात, वरच्या फळीवर.
शेठ म्हणाले ब्राँझला भाव आहे.
दिले.

पॅटर्न तेवढा मी घरी आणला,
तांबडा रंग दिलेला, खऱ्याहून जरासा मोठा.
टीव्हीशेजारी असतो. येणारे विचारतात, कसलं फूल?
मी माप सांगते.
परवा सहज व्हर्नियर लावला
तर अर्धा मिलिमीटर कमी.
सागवानही आकसतं,
मामा हे बोलले नव्हते.